गोधडी न विकणाऱ्याची बोली

यवतमाळ, १४ डिसेंबर २०१७

परमस्नेही प्रेमसिंगभाऊ यांना दीनानाथचा रामराम. रुपीवहिनींचे गुडघे आणि तुमचा खोकला, दोन्ही या थंडीत आवरलेले असोत. मी इकडे ठणठणीत आहे, आणि त्याचीच लाज वाटते.

हे पत्र आधी पूर्ण वाचा, मग हवं तर चुलीत घाला. बाजार समितीत बत्तीस वर्षं मी कापसाचे लिलाव पुकारले, हे तुम्हाला काय सांगायचं (तुमच्या गाड्याही मीच पुकारल्या). निवृत्तीनंतर लेकाच्या गादीच्या दुकानात बसलो. सूनबाई गुंजनने दुकानाची इंटरनेटवर जाहिरात लावली. कोणी 'कापसाची गादी' असं शोधलं की आपलं नाव दिसावं म्हणून दुकानदार त्या शब्दांवर बोली लावतात. ज्याची बोली चढी, तो पहिल्या ओळीत. हे ऐकून मला निवृत्ती रद्द झाल्यासारखं वाटलं. गुंजनने विश्वासाने फोन माझ्या हाती दिला, ही तिची चूक.

एके दिवशी 'हातशिलाईची गोधडी' या शब्दांवर आर्णीचं कोणीतरी पहिल्या ओळीत दिसलं. आम्ही गोधड्या विकत नाही. तरी मी बोली चढवली. त्यांनीही चढवली. मग मी हट्टालाच पेटलो. (तुमची शोभावहिनी म्हणाली, "आपल्याकडं गोधडी हाय कुठं? गिऱ्हाईक आलं तर काय अंगावरची काढून देता?" मी लक्ष दिलं नाही.) बोली लागण्याआधी गाडीतला मूठभर कापूस ओढून बघायची माझी जुनी खोड तुम्ही जाणता. तशी रोज सकाळी मी त्यांची जाहिरात उघडायचो, पहिला फोटो बघून बंद करायचो, पुन्हा उघडायचो. दुकानासमोरच्या बाकावरच्या चार पेन्शनरांनाही आपापल्या फोनवर उघडायला लावायचो. नवल म्हणजे दहा वाजले की आर्णीवाले गायब! मी सगळ्यांना चहा पाजायचो.

पंधरा दिवसांनी आर्णीचं नाव दिसेनासंच झालं. मी पेढे आणले. कशाचे म्हणून गुंजनने विचारलं, मी सगळा पराक्रम सांगितला, तर ती डोक्याला हात लावून खाली बसली. म्हणाली, "बाबा, आपण ज्याची जाहिरात उघडतो, पैसे त्याचे कटतात. त्यानं दिवसाला ठरवलेले पैसे संपले की जाहिरात दिवसभर बंद." मग तिने आर्णीवाल्यांचं ते पान खालपर्यंत सरकवलं. तिथे तुमची पुष्पा होती, शेजारी रुपीवहिनी, दोघींच्या मांडीवर एकच गोधडी. शेकडो वेळा उघडलेल्या त्या पानाच्या तळाशी मी एकदाही गेलो नव्हतो.

भाऊ, यंदा बोंडअळीने तुमचा कापूस नेला आणि घर पोरीच्या सुईवर चाललंय, हे मला ठाऊक होतं. लहानपणी ती कापसाच्या गाडीवरच झोपून यायची, तिला उठवून उतरवल्याशिवाय मी बोली सुरू करत नसे. त्याच पोरीला मी ओळीतून हाकललं. फार वाईट वाटतं. जेवण जात नाही (पेढे लेकाने संपवले). आठ दिवस झाले, फोनला हात लावलेला नाही.

पुष्पाने जाहिरात पुन्हा लावावी, आणि आमच्या दुकानाला तीस गोधड्या द्याव्यात. भाव ती सांगेल तो. मी ब्र काढणार नाही.

तुमचा अपराधी,
दीनानाथ

ता. क. शेवटच्या दिवशी पुष्पाची बोली कितीवर होती, तेवढं कळवाल का? सहज विचारतोय.

ता. क. दुसरा. भाऊ, हे मी शोभा लिहून राह्यली. पत्र पेटीत टाकाले दिलं, तर मी वाचलं. आठ दिवसांचं खोटं हाय. आज सकाळीबी हे गोधडीवर बोली चढवून राह्यले होते. समोर कोणीच नव्हतं, तरी. फोन मी काढून घेतला, गुंजननं जाहिरात बंद केली. पुष्पाले सांगा, पहिली ओळ मोकळी हाय.