मागची सीट नसलेली गाडी

विजयश्री,

चाकणला ती जुनी लाल स्पोर्ट्‌स कार बघायला निघालोय. उशिरा गेलं की विकणारा इंजिन तापवून ठेवतो आणि मग म्हातारं इंजिनही गोड बोलतं, म्हणून तुला न उठवता निघालो. गाडी दीड लाख किलोमीटर पळलेली आहे. सोबत रंगराव मिस्त्री आहे. त्याचं मत कालच देऊन झालंय : “साहेब, ती पळून पळून दमलीय, तुम्ही बसून बसून. जमंल तुमचं.”

व्यवहार म्हणून घेऊ नये हेच खरं. पार्ट मिळत नाहीत, आपल्या सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासणार आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तिला रिक्षासुद्धा मागे टाकणार.

घ्यावी असं वाटायला कारण एकच आहे. एसीचा झोत लागतो म्हणून दिवाळीपासून तू आपल्या गाडीत मागे बसतेस. एसी मी दुसऱ्याच दिवसापासून बंद ठेवलाय. या गाडीला मागची सीटच नाही.

माझ्या शेजारी बसायचं नसेल तर दहाच्या आत फोन कर. क्लच पसंत पडला नाही असं मालकाला सांगेन. घरी आल्यावर तुलाही तेच सांगेन.

रविराज