दिवे मालवणारी

९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं आणि शेजारी बसलेले बाबा कावरेबावरे होतात, म्हणून यापुढे पत्रं लिहायची असं तूच ठरवलंस. तेव्हा हे घे पहिलं. अक्षर लागलं नाही तर दोष तुझ्याच शिकवणीचा.

बातमी अशी, की आईची टेप सापडली.

तुला माहीत आहे, टेपा महाग म्हणून आमच्या टीव्ही केंद्रात पूर्वी एकदा दाखवलेला कार्यक्रम पुसून तीच टेप पुन्हा वापरायचे. हिवाळ्यात दर आठवड्याला एक जुनी, नावाजलेली भुताची गोष्ट दाखवायचे, ती सगळी मालिका अशीच पुसली गेली, हे मी इथे लागल्यापासून ऐकत आलो. खरं सांगायचं तर त्या मालिकेच्या आशेनेच मी या टेपांच्या भांडारात नोकरी धरली. परवा पोहण्याच्या स्पर्धांचे डबे तपासत होतो, त्यातल्या एकात भलतीच टेप निघाली. ‘दिवे मालवणारी’. शिवणखात्यातली आपली आई जिच्यात भूत झाली, ती एकच गोष्ट.

टेप दमट हवेने चिकटली आहे. तशीच यंत्रावर चढवली तर वरचा थर खरवडून निघतो, म्हणून आधी कोमट कपाटात ठेवून सुकवावी लागते. मग ती फार तर एकदा-दोनदा चालते, तेवढ्यात नक्कल काढून घ्यायची. सध्या मी सारखा त्या कपाटाभोवती घिरट्या घालतो. बरोबरचे म्हणतात, की याने अंडी उबवायला ठेवली आहेत.

ताई, आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. माझ्याकडे आईचे फोटो आहेत, आई नाही. ती मान कशी वळवायची, हसताना तिचे डोळे बारीक व्हायचे का, हे तुला ठाऊक आहे. मला एकदा तिचा चेहरा हलताना बघायचा आहे, बाकी काही नाही.

बाबांना नमस्कार सांग. विसरलीस तरी त्यांच्या काही लक्षात यायचं नाही.

भांडलो तरी लोभात काटछाट नसावी.

तुझा,
शेंडेफळ

१८ नोव्हेंबर

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

पत्र शाळेत नेऊन मधल्या सुट्टीत वाचलं. घरी वाचलं असतं तर रडले असते, आणि मी रडले की बाबा दारामागे जाऊन उभे राहतात.

त्या दिवशी मी तिथे होते. शाळा सुटल्यावर मला केंद्रातच बसवायचे, केबलच्या पेटीवर. गोष्ट एका मोठ्या घराची होती. तिथली कारभारीण मेलेली असते आणि रोज संध्याकाळी येऊन एकेका खोलीतला दिवा मालवत जाते. शेवटचा दिवा मालवला, की घरात कोणी उरत नाही. भूत होणारी नटी आयत्या वेळी आजारी पडली. तिच्या अंगाचा अंदाज घ्यायला आई भुताचा झगा स्वतःवरच चढवून बघायची. दिग्दर्शकाने तोंडात टाचण्या धरलेल्या आईकडे पाहिलं आणि म्हणाला, की भूत सापडलं. आई इतकी खूश झाली होती, की टाचण्या काढायच्या विसरली.

केंद्रातले दिवे अर्थात बाबांकडे. ते वर माळ्यावर बसलेले. आई दिव्याकडे हात नेणार आणि बाबा वरून उजेड उतरवत आणणार. चुकीला जागा नव्हती.

ती गोष्ट टीव्हीवर लागली तेव्हा आई जाऊन थोडेच दिवस झाले होते. मी पुढे जाऊन बसले. नाव दिसलं मात्र, बाबांनी उठून टीव्ही बंद केला. त्यावरून मी किती वर्षं मनात धुमसत होते, ते आजवर तुला बोलले नाही. म्हणजे मीही ती पाहिलेली नाही. फार आशा लावून बसू नकोस.

बाबांचं म्हणशील तर दिवस बरा जातो. तिन्हीसांजेला विचारतात, ती कुठे आहे. मी सांगते, कामावर गेली. मग घरभर फिरून बटणं दाबत बसतात, लाव, बंद कर, लाव. डॉक्टर म्हणाले, की आता हृदयही थकलं आहे.

तुला लहानपणीच वसतिगृहात पाठवलं, आईबद्दल कधी अक्षर काढलं नाही, हे सगळं खरं. मी त्यांची वकिली करत नाही. पण राग धरायला समोर माणूस तरी हवा, आणि तो रोज थोडा थोडा निघून चालला आहे. ये एकदा.

रागात असलास तरी माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

२९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाहिली. टेप एकदा पूर्ण चालली, नक्कल निघाली, पुन्हा चढवली तर दोन मिनिटांत यंत्राने मान टाकली.

गोष्ट म्हणशील तर आजच्या पोरांना हसू येईल. भिंती कापडाच्या, दार ओढलं की खिडकीही हलते. मालक झालेला नट घाबरायचं सोडून आपली मिशी सांभाळतो. पण ती आली, की हसू येत नाही. लांब झगा, सावकाश चाल, आणि हात पुढे. एकेक खोली विझत जाते. भांडारात मी एकटाच होतो आणि मला उठून दिवा लावावासा वाटला.

आणि चेहरा नाही. ताई, कुठेच नाही. पाठ आहे, हात आहेत, बाजूने आली तर मानेपर्यंत उजेड आणि वर काळोख. समोरून येते तेव्हा तर केसांच्या कडेला तेवढी एक रेघ. तोंडी एक शब्दही नाही.

बाबांनी त्या केंद्रात किती नट्या उजळल्या. त्यांनी दिवा लावला की तोंडावरचा फोडसुद्धा दिसत नाही, असं लोक अजून सांगतात. आणि स्वतःच्या बायकोला तेवढं काळोखात ठेवलं. तिचं हलतं-चालतं एवढंच जगात उरलं होतं. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतात, तो असा.

नक्कल सोबत पाठवली आहे. हवी तर बघ. त्यांना दाखव किंवा दाखवू नकोस, पालथ्या घड्यावर पाणी. मी येणार नाही. आलो तर त्यांना काहीतरी बोलून बसेन, आणि ज्याला आठवतच नाही त्याला बोलून मीच लहान ठरेन.

तुझ्यावर राग नाही. तुझाही माझ्यावर नसावा.

शेंडेफळ

१२ डिसेंबर

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच.

तुझी नक्कल चार दिवस टेबलावर पडून होती. काल संध्याकाळी बाबा ती कुठे आहे म्हणून फारच मागे लागले, तेव्हा मी न राहवून लावली. म्हटलं, घाबरले तर बंद करू.

घाबरले नाहीत. आई पहिल्यांदा दारात आली तसे खुर्चीत पुढे सरकले आणि माझ्याकडे न बघता अगदी कामावरच्या आवाजात म्हणाले, की दोन नंबरचा दिवा खाली घ्या, तिच्या डोळ्यांवर येतोय.

मी विचारलं, आला डोळ्यांवर तर काय होतं. तर मलाच गप्प केलं. हळूच सांगितलं, की तिला उजेड सोसत नाही, कपाळ फुटायला येतं, दोनदा ओकून आली आहे. म्हणाले, दिग्दर्शकाला तिचा चेहरा हवा आहे, पण मी त्याला पटवलं, की भुताचा चेहरा दिसला की भीती संपते. तू कुठे बोलू नकोस, नाहीतर तिला काढून दुसरी घेतील, आणि तिला हे काम फार करायचं आहे.

तेव्हा मला आठवलं. त्या वर्षी आपल्या खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या असायच्या, जेवायला बसायचं ते बाहेरच्या पॅसेजमधल्या उजेडात. मला वाटायचं, बाबा विजेच्या बाबतीत चिक्कू आहेत. आईचं डोकं दुखतं एवढंच मला माहीत होतं. डोक्यात काय वाढत होतं ते मोठ्यांनाही उशिरा कळलं. आणि ज्याने हे सांगायचं, त्याने जन्मभर अळीमिळी गुपचिळी केली.

पुढचंही ऐक. आईने पहिल्या दिव्याकडे हात नेला आणि बाबांनी शेजारच्या भिंतीवरचं बटण दाबलं. आपल्या खोलीतला दिवा गेला, नेमका तिथला दिवा गेला तेव्हाच. पुढच्या खोलीत ती जाईपर्यंत यांनी पुन्हा लावला, पुन्हा वेळेवर घालवला. शेवटपर्यंत एकदाही चुकले नाहीत. आज सकाळी माझं नाव आठवायला त्यांना कष्ट पडले.

आजही तिन्हीसांजेला ती कुठे आहे म्हणून विचारलं. मी लावली. आता रोज लावणार. शेजारी एक खुर्ची रिकामी आहे.

माझं ऐक, आणि ऐकलंस तर लोभ दुप्पट.

तुझी,
ताई

२१ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून मी नक्कल पुन्हा पुन्हा पाहतो आहे. रागाच्या भरात एक गोष्ट नजरेतून सुटली होती.

शेवटच्या दिव्यापाशी येते तेव्हा तिने मालकाकडे बघायला हवं. ती बघत नाही. हनुवटी जराशी उचलून वर बघते, कॅमेऱ्याच्याही वर, जिथे माळा असेल तिथे. आणि थांबते. मग हात नेते आणि उजेड उतरतो, अगदी सावकाश, कोणी झोपलेल्यावरून हात काढून घ्यावा तसा. मी तो अभिनय समजलो होतो. ती बाबांची वाट बघत होती.

चेहरा आताही दिसत नाहीच. पण ती मान कशी वळवायची, ते कळलं.

मी त्यांना फार वाईट ठरवलं, ताई. भेटल्यावर काय बोलायचं ते सुचत नाही. तू म्हणतेस ती खुर्ची चालेल, नुसता शेजारी बसेन. वर्षअखेरीची मोजदाद माझ्याच गळ्यात आहे, ती संपली की निघतो, सहा तारखेला संध्याकाळच्या आत पोचतो. तोवर रोज लावत जा. नक्कल झिजत नाही, हवी तेवढी चालते.

बाबांना नमस्कार सांग. या वेळी नक्की सांग.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारा,
शेंडेफळ

१५ जानेवारी

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

नीट पोचल्याचा निरोप मिळाला. तू मफलर इथेच विसरलास, वेंधळेपणा काही जात नाही. मागाहून पाठवते.

तुझी सहा तारीख गाठण्याआधी, तीन तारखेलाच बाबा गेले. फोनवर मी तेवढंच सांगू शकले. इथे असताना तू विचारलंस, की शेवटी कसे होते. घर माणसांनी भरलेलं होतं आणि चारचौघांत ते सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आता लिहिते.

तुझा नमस्कार मी सांगितला होता. कोणाचा म्हणून विचारलं. मी म्हटलं, धाकट्याचा. तर म्हणाले, की तो झोपला असेल, त्याच्या खोलीतला दिवा घालवा. तू दोन वर्षांचाच होतास त्यांच्या लेखी. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच म्हणाले.

त्या संध्याकाळी रोजच्यासारखी गोष्ट लावली. पहिले दिवे त्यांनी बरोबर घालवले. मधे त्यांचा हात बटणावरच विसावलेला होता. मला वाटलं, दमले.

शेवटच्या दिव्यापाशी ती आली. तू लिहिलंस तशी मान उचलून वर पाहिलं. थांबली. हात नेला आणि तिथला दिवा सावकाश गेला. आमच्या खोलीतला लागलेलाच राहिला.

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि कळलं. पडद्यावर ती अजून काळोखात उभी होती, आणि आमच्या दिव्याचा लख्ख उजेड तिच्यावर पडला होता. आधी उठून तो बंद केला.

मग बाबांचा हात बटणावरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

आता घरात आपण दोघंच वडीलधारी. सांभाळून राहा, आणि पत्र लिहीत जा.

तुझी,
ताई