शून्य कुठे धरायचं

बसवनगुडी, बेंगळूरु
८ नोव्हेंबर २०२५

ती. वसुमतीआत्यास,
मनस्विनीचा सा. न. वि. वि.

दहावी होईपर्यंत माझा फोन बाबांच्या कपाटात, म्हणून हे पत्र. इकडे युद्ध पेटलंय. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्रिविक्रम अंकल यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीला टांगलेली कुंडी फुटली, आणि खापर आमच्या थ्रोबॉलवर. पाहिलं कुणीच नाही. तरी मुलींनी अंगणात खेळू नये अशी नोटीस लागली, वर अभ्यास करा हा सल्ला. डिसेंबरात शाळांच्या स्पर्धा आहेत आणि सरावाला आम्हाला दुसरी जागा नाही.

मी गप्प बसणार नव्हतेच. सगळा जोर लावून चेंडू सरळ वर फेकला आणि तिथेच झेलला. शेजारच्या कावेरीने वेळ मोजली, दोन सेकंद. मग तू शिकवलंस तसं, हातातून सुटला तिथे शून्य धरलं आणि सेकंदांना क्ष. दोन सेकंदांनी उंची परत शून्य यायला हवी, म्हणून उंची = १०क्ष − ५क्ष². वर्ग पूर्ण केल्यावर ५ − ५(क्ष − १)². वजा होणारा भाग एका सेकंदाला नाहीसा होतो, म्हणजे जास्तीत जास्त उंची पाच मीटर. कुंडीची जागा दोरीने मोजली, जमिनीपासून सहा मीटर. हे सगळं नोटिशीशेजारी चिकटवलंय. तेवीस तारखेच्या सभेत मीच बोलणार आहे.

बाबा कानावर हात ठेवून बसलेत, तेव्हा त्यांच्या वाटचाही लोभ तूच कर.

तुझी मनू


बेळगाव
१३ नोव्हेंबर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

वर्ग छान पूर्ण केलास. पण अगं शहाणे, कुंडी मोजलीस जमिनीपासून आणि चेंडू हातापासून. खांद्यापर्यंतचा दीड मीटर कुठे गेला? हिशेबात तू स्वतःलाच धरलं नाहीस. पाच आणि दीड, साडेसहा. तुमचा चेंडू कुंडीला लागू शकतो. हातापाशी शून्य धरून पुढे विसरायची खोड आपल्या घराण्याची आहे. तुझ्या बाबांनीही दहावीत असेच मार्क घालवले होते.

चूक अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही. तुझ्या बाबांचा, मकरंदचा, फोन आला होता, विषय वाढवू नये असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, कागद तूच दुरुस्त करावास. पण चूक दुरुस्त करताना मान खाली घालावी लागते, असं कुठे लिहिलंय? शिवाय लागू शकतो म्हणजे लागलाच असं नव्हे. त्या अंगणात आणखी कुणाचे चेंडू उडतात तेही बघ.

वेळेवर जेव, आणि आत्यावरचा राग दोन दिवसांत संपव.

तुझी आत्या


बसवनगुडी
२४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न.

आधी तुझ्यावर खूप चिडले. मग खाली जाऊन लाल पेनाने पाच खोडलं, साडेसहा लिहिलं आणि खाली सही केली. बाबा म्हणाले, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास.

काल सभेत अंकलनी तोच कागद उंच धरला आणि मुलीने स्वतःच कबूल केलंय, विषय संपला, असं जाहीर केलं. मी उभी राहिले. आमचा चेंडू तिथवर जाऊ शकतो हे मान्य केलं आणि दुसरा कागद काढला. दर रविवारी अंगणात काकालोकांचं क्रिकेट असतं, बाबांसकट. अंकलनी मारलेला उंच चेंडू झेलला जाईपर्यंत तीन सेकंद गेले, कावेरीनेच मोजले. तेच समीकरण, फक्त दहाच्या जागी पंधरा. उंची सव्वाअकरा मीटर, बॅटची जमिनीपासूनची उंची निराळी. जाऊ शकतो एवढ्यावर बंदी असेल तर आधी क्रिकेट बंद करा, नाहीतर गॅलऱ्यांना जाळी लावा, असं मी सांगितलं.

मोठ्यांशी असं बोलतात का, असं अंकलनी विचारलं. सरी, बरं, पण मोठ्यांचा चेंडू कुठे जातो ते आधी सांगा, असं कावेरीची आई म्हणाली. तेवढ्यात बाबा उठले. मला वाटलं, मला खाली बसवणार. त्यांनी जाळीच्या बाजूने हात वर केला. मला रडू आलं, पण मी उभीच राहिले.

अंकल विचार करून कळवणार आहेत. नोटीस अजून तिथेच आहे. आज संध्याकाळी आम्ही तिच्यासमोर नेट बांधलं आणि खेळलो. अंकल गॅलरीत उभे होते. पहिला चेंडू मीच फेकला, अंगणाच्या मधोमध, त्यांना नीट दिसेल असा.

राग संपलाय, लोभ होता तेवढाच आहे. आणि आत्या, आता शून्य जमिनीवर धरते. हिशेबात मी आहे.

तुझी मनू