रस्त्याकडेचे रान आणि विनी माँगन

चाकांवरच्या घरांत राहणाऱ्या फिरस्त्यांच्या रस्त्याकडेच्या तळावर येत्या सोमवारी मोठे दगड टाकून जागा बंद होणार, हे आज सकाळी माझे वकील मिस्टर टोबिन यांनी सरकारी कचेरीत विचारून नक्की केले. म्हणून मी, होनोरा गेरॅटी, वय ७८, निवृत्त परिचारिका, राहणार क्लूनबेग, गॉलवे परगणा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर माझा भाचा डेक्लन यास. छप्पर त्याच्या बापाने घातले आहे, तेव्हा ते गळते अशी तक्रार त्याने करू नये.

२. सायकल आणि बाळंतपणाची पेटी गावच्या दवाखान्याला.

३. दोन एकरांचे रान आधी मी फिरस्त्यांतल्या विनी माँगनच्या नावे लिहिले होते. ते कलम आता नाही. कारण असे.

बारा वर्षे मी त्यांच्या बाळंतपणांना जात होते. चहा न मागता मिळे. मग विनीची आई नॅन वारली. रीतीप्रमाणे घरच्यांनी तिचे चाकांवरचे घर सामानासकट पेटवले. मी अपघात समजून बंब बोलावला. मागोमाग पोलीस आले. नॅनची अर्धवट जळलेली गादी चिखलात पडून राहिली. माफी मागायला दोनदा गेले, दोनदा अंगावर कुत्रा सोडला. सात वर्षांनी विनीची सून बाळंतपणात अडली, तेव्हा विनी स्वतः माझ्या दारात आली. म्हणाली, "आग विझवलीत ना, बाई? आता पाणी तापवा."

परवा तिला रानाचे सांगितले.

"मेलेल्याचं आम्ही ठेवत नाही. इतकी वर्षं येताय, अजून कळलं नाही?"

"मग काय करू?"

"जितेपणी द्या. नाहीतर राहू द्या."

डेक्लन म्हणतो, "आत्या, गाव मला वाळीत टाकेल. तुला वेडी ठरवायला वकील बघून ठेवलाय." खोटे बोलणारा मुलगा नाही तो. त्याने हरकत घेतल्यास घरही दवाखान्यास जावे.

४. शुक्रवारी दहा वाजता टोबिन यांच्या कचेरीत रानाच्या बक्षीसपत्रावर मी सही करीन, म्हणजे सोमवारी फिरस्त्यांना तळ हलवायला जागा असेल. विनीला लिहिता येत नाही. तिची फुली चालेल. येशील ना, असे विचारले. "गाववाले मला आत खुर्ची देतात का, ते आधी बघू," म्हणाली. दोन खुर्च्या मांडायला सांगितल्या आहेत.

क्लूनबेग, बुधवार, १४ मे १९९७
(सही) होनोरा गेरॅटी

साक्षीदार:
डॉ. फिंटन हॅनली (शुद्ध आज तपासली)
ब्रीज कॉस्टेलो, शेजारीण