माहेरची कंपनी

लोणंद
१० ऑगस्ट १९७०

तीर्थरूप दादांस,
लीलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. वहिनींचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल चोळतात की फडताळात जपून ठेवलंय?

आता रागाचं लिहिते. शेजारच्या नानासोंनी यंदा ट्रकचा विमा दुसऱ्या कंपनीतून काढून तुमच्याकडे आणला. गाडी आमच्यासारखीच, तितकीच जुनी. काल कांदा बाजारात ते यांना म्हणाले, तुमच्या मेव्हण्यांनी, लालासाहेबांनी, लय सवलत दिली बघा. हप्ता आमच्यापेक्षा कमी! हे पलटणीतून आले, गाडी घेतली, तेव्हापासून विमा तुमच्याकडेच. खंबाटकी घाटात बंपर चेपला, काच फुटली, सगळं पदरचं घालून केलं. विम्याचे पैसे मागितले तर बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जातो, असं तुम्हीच बजावलं होतं. दरवर्षी हे दुसरीकडे चौकशी करू म्हणायचे आणि मी भांडायचे, की माहेरची कंपनी सोडायची नाही. आता जेवताना हसतात. तुझ्या दादांनी बहिणीला झकास आहेर केला म्हणतात. खरं काय ते कळवा.

वडीलमंडळींना नमस्कार, पोरांना पापे.
आपली धाकटी,
लीला

सांगली
१९ ऑगस्ट १९७०

चि. सौ. लीला हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ठसका लागला. अगं, नवं गिऱ्हाईक धरायचं तर माझ्या कमिशनातला वाटा सोडावा लागतो. दुसऱ्याच्या गाईला चारा दाखवावा लागतो, दावणीच्या गाईला कशाला? कंपनी बदललीस तर इतक्या वर्षांचा बोनस बुडेल, हे मानसिंगरावांना सांग. आणि दर भाऊबीजेला तुझ्या ताटात साडी पडते, ती कशातून येते असं तुला वाटतं? तुमच्या हप्त्याच्या कमिशनातूनच की! म्हणजे सवलत तुला मिळतेच. राग गिळ आणि तब्येत सांभाळ.

तुझा,
दादा

सांगली
१२ ऑक्टोबर १९७०

चि. सौ. लीलास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. तुमच्या गाडीचा विमा साताऱ्याच्या एजंट जोतीरामाकडे गेल्याचं परक्याकडून कळलं. तेही सोसलं असतं. पण गौरीच्या हळदीकुंकवाला तू त्याच्या कंपनीचं गुणगान केलंस म्हणे! लोणंदचे ट्रकवाले एकामागून एक गेले. काल आलेला नानासोसुद्धा विमा मोडून गेला. कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांदेखत मला झाडलं. सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देतात का गं? भाऊबीजेला येऊ की नको, तेवढं कळव.

दादा

लोणंद
२० ऑक्टोबर १९७०

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, दोनदा वाचलं.

नानासोंचा बोनस दुसऱ्या कंपनीतला होता, तो तुम्ही धरलात ना? मग माझाच कसा बुडणार होता? जोतीरामांनी तो धरला, वर सवलतही दिली. एका दारात राहून महाग पडलं, दार सोडल्यावर स्वस्त. गौरीला आलेल्या प्रत्येकीला मी हे सांगितलं, तिने आपल्या मालकाला सांगितलं. नानासोंना जोतीरामांनी तुमच्यापेक्षा जास्त चारा दाखवला. माझ्या जिवाला फार गार वाटलं.

साड्यांचं म्हणाल, तर मी समजत होते त्या भावाने दिल्या. त्या निघाल्या ट्रकच्या. म्हणून सगळ्या फाडून वाकळ शिवली आणि ट्रकच्या सीटवर अंथरली. ज्याचं होतं त्याला पोचलं. हे म्हणतात, लय मऊ झालंय.

एक तेवढी फाडवली नाही. हिरव्या काठाची, ट्रक यायच्या आधीची. पाटलांच्या गुऱ्हाळावर राबून तुम्ही आणली होती, तुमच्या हातांना फोड आले होते. आता विरलीय. भाऊबीजेला या. तीच नेसून ओवाळीन. ताटात मात्र काही टाकू नका. टाकलंत तर वाकळेला आणखी एक ठिगळ होईल.

लोभ अजून आहे. तो वाढवायचा की नाही, ते तुमच्याकडे.

लीला