फोनातली सुमन

पुणे, ४ फेब्रुवारी २०२५

ती. सुधींद्रकाकांस मधुवंतीचा सा. न. वि. वि.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पोस्टातून पाकीट आणून लिहिते आहे. रागवायचं तर मी. नोव्हेंबरात प्रभंजनच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा पहिला फोन तुम्हाला केला. तुम्ही हसून म्हणालात, वा, छान झालं, पेढे घेऊन या! मी फोन ठेवला आणि रडत बसले. मग माहेरी कुणालाच कळवलं नाही, काकूंनाही नाही. आता तो बरा आहे, रोज फिरायला जातो. पण मला सायकल शिकवणारे काका असं का बोलले, हे कळल्याशिवाय चैन नाही.

काकूंना नमस्कार. माया कमी झाली नसेल तर उत्तर द्या.
तुमची मधू

रायापूर, धारवाड, १० फेब्रुवारी

चि. मधुवंतीस अनेक आशीर्वाद.

ऑपरेशनचं मला तुझ्या पत्रातूनच कळलं. चाळीस वर्षं वकिली केली, पण कबुली द्यायची सवय नाही. मला दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नाही. फोनवर तर नुसती भुणभुण. त्या दिवशी वाटलं, जावईबापूंना बढती मिळाली. तू मध्येच फोन ठेवलास, तेव्हा काहीतरी चुकलं एवढं कळलं. विचारायची लाज वाटली. मग फोन घेणंच सोडलं. शांताला, तुझ्या काकूला, यातलं काही ठाऊक नाही. ती बोलते, मी पेपराआडून मान हलवतो.

आमच्या लेकानं, साकेतनं, दिलेला मोठा फोन कपाटात आहे. पेपर, रेडिओ, टीव्ही सगळं त्यात आहे म्हणतो. बहिऱ्याला त्याचा काय उपयोग?

जावईबापूंना जप. या म्हाताऱ्याला क्षमा कर.
काका

पुणे, १५ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न.

तुमचं पत्र वाचून मी रडले आणि प्रभंजन हसला. पेढे आणणारच आहे म्हणाला. आता कपाटातला फोन काढा. समोरच्याचं बोलणं तो अक्षरांत लिहून दाखवतो. कुठे बोट ठेवायचं, त्याची चित्रं सोबतच्या कागदावर काढली आहेत. कानाच्या डॉक्टरांनाही दाखवायचं, त्यात सबब चालणार नाही.

तुमच्या अक्षराची वाट बघणारी,
मधू

धारवाड, २३ फेब्रुवारी

चि. मधूस आशीर्वाद.

तुझी चित्रं बघून दोन दिवस खटपट केली. काल फोन चालू करून डायनिंग टेबलावर ठेवला आणि गंमत बघत बसलो. शांता ओट्याशी पाठमोरी भाकऱ्या थापत होती. पडद्यावर ओळी उमटू लागल्या. पावटे कोवळे मिळाले. मग आलं, सुमन मान हलवता. ही सुमन कोण? पुष्कळ विचार केला, तेव्हा उजेड पडला. शांता कानडीत म्हणाली होती, सुम्मने, म्हणजे उगीच. फोनला कानडी कुठलं कळायला!

मी हसणार, तोच पुढची ओळ आली. तुम्हाला ऐकू येत नाही, मला ठाऊक आहे हो. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय दिवस सरत नाही.

मधू, मी उठलो. फोन ओट्यावर ठेवला, खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो आणि म्हटलं, दोन वर्षांचं राहिलंय, पहिल्यापासून सांग. तिनं पिठाचे हात धुतले, गॅस बंद केला आणि बोलायला लागली. जेवायला तीन वाजले.

दोघांनी लवकर या. शांताचेही आशीर्वाद.
काका