झाऱ्याची सुट्टी

भाऊ, आता टोस्टलासुद्धा दिवस असतो. तुम्ही हसाल, पण तुमची लेक खरं सांगते. ऑम्लेटला आहे, पॉपकॉर्नला आहे, बटाट्यालाही आहे. माझ्या सुनेला मोबाइलवर हे सगळं आधीच कळतं. ती उर्से गावची, लग्नाआधी तिथल्या टोलनाक्यावर कामाला होती, त्यामुळे पळती गाडी थांबवायची विद्या तिला येते. लोणावळ्याच्या आपल्या टपरीपुढं ती फळ्यावर लिहून ठेवते, 'आज अमक्याचा जागतिक दिवस', आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या खरोखर थांबतात. चहाच्या दिवशी तर कप कमी पडले. मी आपली नाक मुरडते. आमच्या लहानपणी दिवस असायचे ते देवांचे आणि मेलेल्या माणसांचे, बटाट्याला कोण विचारतंय! पण मग आठवलं, या सगळ्यांच्या कितीतरी आधी तुम्ही एका भांड्याचा दिवस पाळत होतात. फरक एवढाच, की ह्यांच्यात एखाद्या वस्तूचा दिवस म्हणजे ती दुप्पट खायची, आणि तुमच्यात तिला हातसुद्धा लावायचा नाही.

दसऱ्याला सगळा मावळ हत्यारं पुजतो. गावाकडं वडिवळ्यात आपली भावकी नांगर-कोयते धुवायची, ड्रायव्हर लोक गाडीला हार घालायचे. तुम्ही भज्यांचा झारा पुजायचात. चिंच लावून घासलेला, पाटावर ठेवलेला, दांड्याला हळदकुंकू आणि भोवती झेंडू. इथवर ठीक. पण पूजा आटोपली की बाकीचे कामाला लागायचे, तुमचा झारा मात्र दिवसभर पाटावरून हलायचा नाही. एक दसरा अजून डोळ्यांपुढं आहे. मी शाळकरी आहे. टपरीपुढं अख्खी बस येऊन उभी आहे, माणसं खाली उतरून कढई शोधतायत आणि कढई पालथी. आई तुमच्याकडं डोळे वटारून बघते. तुम्ही अगदी शांतपणे सांगता, "आज भजी न्हाई मिळायची. झाऱ्याला सुट्टी हाय." बस पुढच्या टपरीवर गेली. आईनं तुमचा यथासांग उद्धार केला. मग तिनंच तव्यावर मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि तुमचा उजवा खांदा शेकत बसली. एरवी तिला तरी कुठं सवड असायची, पण दसऱ्याला ती न चुकता शेकायची. मला वाटायचं हीपण पूजेतलीच रीत, आधी झाऱ्याला हळदकुंकू आणि मग भाऊंना मीठ. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी गरम मिठाची पुरचुंडी घेऊन नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिले, तेव्हा सासूबाई हसून हसून बेजार झाल्या. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तुमच्यामागं टपरी माझ्याकडं आली आणि झाऱ्याबरोबर त्याची सुट्टीही आली. यंदा सुनेनं नेमका दसऱ्यालाच 'कांदाभजी दिवस' काढला. जोडून सुट्ट्या होत्या, मोबाइलवर टाकून ती मोकळीही झाली. मी म्हटलं, दसऱ्याला आपल्यात झारा चालत नाही. ती शांतपणे म्हणाली की आजूबाजूला मोठमोठी हॉटेलं झाली, एकदा परत गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा इकडं वळत नाही, तेव्हा टपरी टिकवायची की रीत ते तुम्हीच ठरवा. खोटं काहीच नव्हतं त्यात, म्हणूनच मला जास्त झोंबलं. झारा माझ्या बापाचा आहे, असं फाडकन बोलून गेले. पोरगा दूध आणायच्या निमित्तानं बाहेर सटकला. त्यानंतर घरात आमची भांडीच काय ती वाजत होती. मला रडू यायचं, भाऊ. सून मला आवडते, आणि टपरी बंद पडलेली मला बघवणार नाही.

दसऱ्याच्या सकाळी झारा पाटावर मांडला, हार घातला आणि आत जाऊन मीठ तापवलं. डाव्या हातानं उजवा खांदा शेकत होते, तेवढ्यात सून दारात आली. पुरचुंडी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः शेकायला लागली.

"कधीपासून दुखतंय?"

मी म्हटलं, दसऱ्याची रीत आहे ही आमची.

"आई, रीतीनं कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं का?"

तेव्हा कुठं मला तुमचा खांदा आठवला. वर्षभर रोज भज्यांचे घाणे काढून भरून आलेला तो खांदा, आणि बसपुढचा तुमचा तो शांत चेहरा. मी थकलोय, हे वाक्य तुमच्या तोंडून कधी ऐकल्याचं आठवत नाही.

सून बाहेर गेली. फळ्यावरची कांदाभजी पुसून तिनं लिहिलं, 'आज झाऱ्याला सुट्टी'. गाड्या आल्या. काहीजण कुरकुरत गेले, बरेचजण थांबले, चहा आणि उकडलेल्या शेंगांवर समाधान मानून हारातल्या झाऱ्याचे फोटो काढत बसले. कुणाची कल्पना म्हणून एकानं विचारलं, तर सून तोऱ्यात म्हणाली, आमच्या आजेसासऱ्यांची. दुसऱ्या दिवशी तिनंच हार उतरवला, झारा हातात तोलून बघितला आणि कढईपुढं उभी राहिली. मला सांगितलं, तुम्ही पीठ भिजवा. पहिला घाणा तिनं जरा करपवला. मी दुसऱ्याचं पीठ पुढं सरकवलं.

तुम्हाला लिहिलेला हा कागद मी तिच्या हाती पडू देणार नाही. खांदा थोडा धरलाय, एवढंच तिला कबूल केलंय. भांडले ती भाऊंच्या रीतीसाठी, असं तिला वाटतंय, वाटू दे. तुम्हाला म्हणून सांगते, झाऱ्याचं तर राहू द्याच, पण भांडताना तुमच्या रीतीचंही मला काही नव्हतं. मला फक्त एक दिवस बसायचं होतं.